हळदकुंकवाखालचं लोखंड

एकदा एका घाटमाथ्यावरच्या गावात एका मोटारीची कीर्ती तिच्या मालकापेक्षा मोठी झाली. मालक गुळाचे व्यापारी. सज्जन, देवधर्म पाळणारे, शब्दाला जागणारे गृहस्थ. पण बाजारात त्यांच्या गुळाबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. 'ते मोटारवाले शेठ' एवढीच त्यांची ओळख. मोटार त्यांच्या वडिलांनी घेतलेली. तिच्या बरोबरीच्या मोटारी भंगारात जाऊन, वितळून, त्यांच्या कढया होऊन त्या कढयांनाही भोकं पडली असतील. ही मात्र रोज सकाळी पहिल्या चावीला सुरू होत होती.

तिचं मीटर पाच आकडी होतं. ज्यांनी ती घडवली त्यांनी तिला याहून अधिक आयुष्य चिंतिलंच नव्हतं. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की पाचही आकडे एकदम फिरत आणि ओळीनं शून्यं उभी राहत. असं नऊ वेळा घडलं होतं, आणि दर वेळी शेठनी गावात पेढे वाटले होते. या कथेच्या दिवशी मीटरवर नव्व्याण्णव हजार नऊशे ऐंशी हा आकडा होता. दहा लाख किलोमीटरला फक्त वीस बाकी होते.

या दीर्घायुष्याचं श्रेय गावातल्या एका वृद्ध मिस्त्रीला होतं. लहानथोर सगळे त्यांना वस्ताद म्हणत. "मोटार आपणहून मरत न्हाई, तिला मारत्यात," असं ते म्हणत आणि मारणाऱ्यांना तोंडावर चार शब्द सुनावत. त्यांचा शिष्य अंकुश बत्तीस वर्षांचा होता. अकरा वर्षं त्यानं वस्तादांच्या हाताखाली काढली होती, आणि आता गॅरेजचं निम्मं काम त्याच्याच अंगावर होतं. दहा लाख पुरे झाले की घाटाखालच्या शहरात त्याला स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. 'दहा लाखवाला मिस्त्री' अशी पाटीसुद्धा त्यानं रंगवून घेतली होती आणि ती घरात पलंगाखाली ठेवून दिली होती. बाजारात तुरी म्हणतात त्यातलाच हा प्रकार, पण त्याला तसं कोण सांगणार?

शहरात जुन्या मोटारींच्या शौकिनांचा मेळावा होता. तिथं शेठच्या मोटारीचा सत्कार व्हायचा होता आणि त्याचं कारण केवळ दहा लाख किलोमीटर हे नव्हतं. या मोटारीच्या स्टिअरिंगला जन्मापासून पाना लागलेला नव्हता. स्टिअरिंगच्या पेटीखाली वीतभर लांबीचा एक लोखंडी दांडा असतो, गॅरेजवाले त्याला ड्रॉप आर्म म्हणतात. चालवणारा चाक फिरवतो, तेव्हा हा दांडा हलतो, आणि तो हलला की पुढची चाकं वळतात. हा तुटला तर चालवणाऱ्याच्या हातात नुसतं गोल चाक उरतं, कितीही फिरवावं. तर या दांड्याच्या नटावर कारखान्यात कोणीतरी तपासणी करून पिवळ्या रंगाचा एक ठिपका दिला होता, आणि तो ठिपका अजून अभंग होता. ठिपका अभंग म्हणजे नट कधी फिरला नाही, नट फिरला नाही म्हणजे दांडा कधी निघाला नाही. आपल्याकडे मोटार विकणारा छाती पुढे काढून सांगतो ना, 'एकदाही खोललेली नाही', त्यातलाच हा अभिमान, फक्त दहा लाखांनी गुणलेला.

हा ठिपका गावाचं दैवतच झाला होता म्हणा. दर खंडेनवमीला गॅरेजात पाने, हातोडे, जॅक यांची पूजा होई आणि मग वस्ताद मोटारीखाली सरपटत जाऊन त्या दांड्याला तेलाचं बोट लावून हळदकुंकू वाहत. पुढे हे काम अंकुशकडे आलं. तो ते इतक्या भक्तीनं करी की ठिपक्याला फडकं लागू नये म्हणून दांडा पुसायचाही नाही. वर्षानुवर्षांच्या तेलाचा आणि कुंकवाचा त्यावर लालकाळा थर बसला होता.

प्रस्थानाच्या सकाळी गॅरेजसमोर माणसं जमली. शेठ फेटा बांधून आले. शेठाणी आल्या. त्यांची सून तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन मागच्या आसनावर बसली, कारण नातीनं जन्मात एकदा तरी या मोटारीतून घाट उतरावा अशी शेठची इच्छा होती. चालवणार होता अंकुश. हिशेब असा होता की दहावी शून्यं घाटाच्या निम्म्यावर येतील, तिथं मोटार थांबवून नारळ फोडायचा आणि मग पुढे जायचं. नारळ सुनेच्या पायाशी पिशवीत ठेवला होता.

"अंकुश," शेठ म्हणाले, "जरा हिची जन्मकुंडली सांग की मंडळींना."

अंकुशला एवढंच हवं होतं. बॉनेटवर हात ठेवून त्यानं सुरुवात केली. "दोन लाखाला इंजिन गरम व्हायला लागलं, तवा हेड उतरवलं. तीन लाख चाळीसला गिअरपेटी खरखरली, दोन दात गेलते. चार लाखाला ब्रेक शिट्टी मारायला लागले. पाच लाखाला मागचा पाटा मोडला तो भर घाटात, वस्तादांनी बाभळीचं लाकूड बांधून गाडी घरी आणली." लोक हसले. त्याला आणखी चेव आला. क्लच, रेडिएटर, डायनामो, एकामागून एक सगळ्यांची दुखणी त्यानं तारीखवार सांगितली. शेवटी तो खाली वाकला आणि पुढच्या चाकाकडे बोट करून म्हणाला, "आन् ह्यो स्टिअरिंगचा दांडा. कारखान्यातनं आला तस्साच. धा लाखात कधी कुरकुर न्हाई. त्याच्याकडं बघायची येळच त्यानं आणली न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वस्ताद दाराशी पालथ्या डब्यावर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांची बशी ओठांपाशी थांबली.

"काय म्हणालास?" त्यांनी विचारलं. "शेवटचं परत म्हण."

"त्याच्याकडं बघायची येळच आणली न्हाई त्यानं, म्हटलं."

वस्तादांनी बशी जमिनीवर ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. ते उठले, आत गेले, आणि मोठा पाना घेऊन बाहेर आले. "गाडी खड्ड्यावर घे," ते म्हणाले. "सूनबाई, तुम्ही खाली उतरा."

काय चाललंय ते कोणाच्या ध्यानात येईना. वस्तादांचा शब्द मोडायची सवय नसल्यामुळे अंकुशनं मोटार तपासणीच्या खड्ड्यावर घेतली. सून मुलीला घेऊन खाली उतरली. वस्ताद खड्ड्यात शिरले आणि त्यांनी पाना त्या पिवळ्या ठिपक्याच्या नटावर चढवला.

अंकुशला आधी वाटलं, आपल्याला दिसतंय ते खरं नव्हे. मग तो धावत खड्ड्यात उतरला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं गुरूचं मनगट धरलं. "वस्ताद, त्याला हात लावू नगा."

"सोड."

"अहो वस्ताद," शेठ वरून म्हणाले, "मुहूर्त टळतोय. आणि ती खूण गेली तर सत्कार कशाचा करणार ते लोक? आजवर तुम्हीच ती जपली. आज काय झालं तुम्हाला?"

वस्तादांनी मनगट सोडवून घेतलं आणि पान्यावर अंगाचा भार टाकला. नट करकरला. पिवळा रंग तडकला आणि त्याच्या खपल्या अंकुशच्या पायांवर पडल्या. एवढ्या वर्षांची राखण एका झटक्यात संपली.

अंकुशचा तोल गेला. संतापाच्या भरात मनात नव्हतं तेही तोंडातून निघालं. "माझं नाव व्हाय लागलं ते बघवंना तुम्हाला. आजच सुचलं तुम्हाला हे. अकरा वर्षांत न्हाई सुचलं."

असं कोणी वस्तादांशी बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. वस्ताद एवढंच म्हणाले, "पुलर दे." दांडा ओढून काढायचं ते अवजार अंकुशनं दिलं नाही. तेव्हा ते स्वतः शिडी चढून वर आले, पुलर घेऊन पुन्हा उतरले, आणि पंधरा मिनिटं खटपट करून त्यांनी दांडा काढला. अंकुश बाजूला उभा राहून बघत राहिला. मदत करावी असं त्याच्या हातांना वाटत होतं, पण मन तयार नव्हतं.

वस्तादांनी दांडा ट्रेमध्ये ठेवून त्यावर रॉकेल ओतलं आणि ब्रशनं घासायला घेतलं. हळदकुंकू विरघळलं. ट्रेमधलं रॉकेल लाल झालं. थरामागून थर निघाले आणि आतून स्वच्छ, सरळ, करडं लोखंड बाहेर आलं. कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

"झालं समाधान?" शेठनी विचारलं. त्यांचा स्वर आता पहिल्यासारखा मऊ राहिला नव्हता.

अंकुशला बरं वाटलं. म्हातारा चुकला होता आणि ते चारचौघांत सिद्ध झालं होतं.

वस्तादांनी दांडा फडक्यानं कोरडा पुसला. टायरवर खुणा करायला ठेवलेल्या खडूंपैकी एक त्यांनी उचलला, कुस्करला आणि त्याची पूड बोटांनी दांड्यावर सगळीकडं चोळली. पांढराफटक दांडा त्यांनी उन्हात ओट्यावर ठेवला. "आता जरा थांबा," ते म्हणाले. "वरनं पुसलेलं रॉकेल जातं. आत शिरलेलं जात न्हाई. आत शिरायला वाट असंल तर ते खडूवर परत येईल."

सगळे त्या दांड्याभोवती गोळा झाले. एक मिनिट गेलं, दोन गेली. एकजण हळूच हसला. आणि मग जिथं दांडा नटाजवळ वळतो तिथं खडूवर केसासारखी एक काळी रेघ दिसली.

"डाग असंल," अंकुश म्हणाला. त्यानं स्वतः दांडा उचलला, पुसला, पुन्हा खडू चोळला, पुन्हा ठेवला. रेघ पुन्हा आली. त्याच जागी आली, आणि या वेळी त्याच्या डोळ्यांदेखत वाढत गेली. एका कडेनं निघून ती दांड्याला वळसा घालून दुसऱ्या कडेच्या जवळ पोचली.

वस्तादांनी दांडा ओट्याला बसवलेल्या पकडीत आवळला आणि त्याच्याकडे हातोडा दिला. "मार."

त्यानं एकच घाव घातला, तोही मन लावून नव्हे. लोखंडावर घाव बसला की जो खणखणीत आवाज येतो तो आला नाही. मातीचं मडकं फुटावं तसा आवाज झाला आणि दांड्याचे दोन तुकडे झाले. वस्तादांनी तुटलेलं तोंड सगळ्यांसमोर धरलं. आतलं लोखंड काळंतपकिरी होतं, जुनं, गंजलेलं. कडेला तांदळाच्या दाण्याएवढी जागा तेवढी ताजी चकाकत होती. एवढ्याशा जागेवर ती मोटार आजवर वळत आली होती.

शेठ तिथंच मातीत बसले. त्यांचा फेटा सुटला त्याचंही त्यांना भान राहिलं नाही. सुनेनं मुलीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली, आणि तरी तिनं पकड सैल केली नाही. अंकुश ओट्याला धरून उभा होता. घाटातली वळणं त्याला पाठ होती. त्यातल्या नेमक्या कोणत्या वळणावर आपण चाक फिरवलं असतं आणि मोटार वळलीच नसती, हे त्याचं मन आपोआप शोधू लागलं. मागच्या आसनावर कोण कोण होतं तेही त्याला आठवत राहिलं. तो नळाकडे गेला आणि त्यानं तोंडावर पाणी मारलं.

परत आला तेव्हा वस्ताद ओट्यावर बसले होते. ते त्याच्याशीच बोलले, बाकीच्यांनी ऐकलं इतकंच.

"पोरा, ही गाडी धा लाख कशानं चालली? तुला वाटतं, मजबूत हाय म्हणून. न्हाई रं. ही तक्रारींवर चालली. इंजिन तापलं, गिअर खरखरला, ब्रेकनं शिट्टी मारली. ज्यो ज्यो ओरडला त्येचं आपण ऐकलं, त्येला खोललं, पुसलं, बदललं. म्हणून ते समदे आज धडधाकट हायत. ह्यो एकटा गप ऱ्हायला. गप ऱ्हायला म्हणून आपण त्येला चांगला म्हटलं. चांगला म्हणता म्हणता देव केला. आन् एकदा देव केला की त्येच्याकडं बघायचं कारणच उरत न्हाई, नुसतं हात जोडायचे. आज तू त्या समद्यांची दुखणी सांगितलीस आन् ह्येचं सांगायला तुझ्याकडं काहीच नव्हतं, तवा माझ्या काळजात लक्कन झालं." त्यांनी दांड्याचा तुकडा ओट्यावर ठेवला. "तुझी चूक न्हवे ही. पहिलं कुंकू वाहणारा हात माझा."

शेठ उठले. त्यांनी वस्तादांच्या पायांना हात लावला आणि घरची माणसं घेऊन पायीच निघून गेले. हळूहळू बाकीचेही पांगले. सत्कार राहून गेला. मीटर नव्व्याण्णव हजार नऊशे ऐंशीवर उभं राहिलं आणि गुरुशिष्य दोघांनाही त्याच्याकडे बघावंसं वाटलं नाही.

दुपारी भाकरी खायला बसल्यावर अंकुश म्हणाला, "वस्ताद, मघाशी मी लई वंगाळ बोललो."

"बोललास ते बरं झालं. पोटात ठेवलं असतंस तर?"

अंकुशचा घास हातातच राहिला. हे वाक्य त्याला लागलं, पण स्वतःसाठी नव्हे. समोर बसलेल्या माणसाकडे तो नव्यानं बघू लागला. अकरा वर्षांत या माणसानं डोकं दुखतं असं म्हटलं नव्हतं. वस्ताद कधी तापानं झोपले नव्हते, कधी दमलो म्हणाले नव्हते. गॅरेजातल्या पोरांना अंकुश अभिमानानं सांगायचा की आमचे वस्ताद म्हणजे पोलाद आहेत.

"वस्ताद, तुम्हाला काय होतंय?"

"मला काय धाड भरलीया?"

"ह्या दांड्याला इचारलं असतं तर त्यानंबी हेच सांगितलं असतं."

वस्ताद हसायला गेले, पण हसू आलं नाही. गुरुजनांना असा प्रश्न विचारायची आपल्याकडे रीत नाही, आणि उत्तर द्यायची तर त्याहून नाही. शेवटी त्यांनी उजवा हात पुढे केला आणि तळवा उलटा केला. तळव्यावर आडवा, रुंद, लालभडक चट्टा होता. कातडं जळून गेलं होतं आणि कडेला पू धरला होता.

"परवा सायलेन्सर धरला," ते म्हणाले. "गरम हाय ते कळलंच न्हाई. कातडं भाजल्याचा वास आला तवा खाली बघितलं."

हा तोच हात होता, जो चालू इंजिनावर ठेवून वस्ताद आतलं दुखणं सांगत. तीन तालुक्यांतून माणसं या हातासाठी येत. 'काही न्हाई, जावा बिनघोर' असं ते म्हणाले की माणसं बायकापोरांना बसवून घाट उतरत.

"कधीपासनं असं?"

"सव्वा वर्ष झालं. आधी बोटं गेली, मग तळवा. डाव्याला कळतंय अजून थोडं."

"आन् तुम्ही तरीबी हात ठेवून गाड्या पास करत होता?"

"आवाजावरनं सांगत होतो. नुसता हात ठेवायचा आन् ऐकायचं." त्यांनी मान खाली घातली. "समदे म्हणत्यात, वस्तादांच्या हातात देव हाय. ज्येच्या हातात देव, त्यो कसं सांगणार की हात मेलाय म्हणून?"

अंकुशनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. जखमेला लागू नये म्हणून हळू धरला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हळू धरला काय आणि आवळून धरला काय, वस्तादांना ते कळणार नाही. तेव्हा त्याला रडू आवरेना. वस्ताद डाव्या हातानं त्याची पाठ थोपटत राहिले.

मग त्यानं भर दुपारी गॅरेजला कुलूप लावलं. दोन जीपा आणि एक टेम्पो दारात उभे होते, ते तसेच राहिले. वस्तादांना मोटारसायकलवर मागं बसवून तो तालुक्याच्या दवाखान्यात गेला आणि नंबर येईपर्यंत त्यांच्या शेजारून हलला नाही.

डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला. सुई टोचून पाहिली. मग विचारलं, "बाबा, हे केव्हापासून होतंय?"

"तसं काही इशेष न्हाई," वस्ताद सवयीनं म्हणाले.

"सव्वा वर्ष," अंकुश म्हणाला.